साथ आणि ओझे



शिरूरहून न्हावरेमार्गे चौफुला आणि तेथून पाटसवरून दौंड, असा सायकलप्रवास दोन मित्रांनी ठरविला, तर पहिला वाद सामानावरून होतो. पाणी, हवेचा पंप, पंक्चर काढण्याचे साहित्य यांच्या जोडीला एकाने बासरी घेतली, की दुसरा विचारतो, ‘हे ओझे कशाला? गाणी मोबाईलवर आहेतच.’ प्रश्न रास्त आहे. त्यामागील हिशेब मात्र अपुरा आहे, असे माझे मत आहे.

आपल्या भाषेतील ‘साथ’ हा शब्द पाहा. वाटेवरच्या सोबतीला आपण साथ म्हणतो आणि गायकाबरोबर तबला वाजतो, तीही साथच. या शब्दाचे मूळ संस्कृत ‘सार्थ’ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा. प्राकृत ‘सत्थ’ या रूपातून तो मराठीत आला. आज मैफलीत रुळलेला हा शब्द मुळात रस्त्यावरचा आहे. व्युत्पत्तीने कोणतेही मत सिद्ध होत नाही, हे खरे. परंतु दोन्ही अर्थांतील समान सूत्र ध्यानात घ्यावे : साथ करणारा दुसऱ्याच्या गतीची दखल घेतो. मित्र चढावर दमला, तर आपण वेग कमी करतो. गायक क्षणभर थांबला, तर तबलजी ठेका सांभाळतो. मोबाईलवरील गाणे ऐकता येते, पण ते कोणासाठी थांबत नाही.

अर्थात, प्रत्येक वाद्य वाटेवर नेण्याजोगे नसते. तंबोऱ्याचा भोपळा धक्क्याने तडकू शकतो; तबल्याच्या चामड्यावर हवामानाचा परिणाम होतो. उसाच्या ट्रॉल्यांनी अरुंद झालेल्या रस्त्यावर सायकलबाहेर डोकावणारे वाद्य धोक्याचेच. याउलट चालणाऱ्यांची वाद्ये पाहा : वीणा व मृदंग गळ्यात, टाळ हातात, संबळ कमरेला. तुकाराम महाराजांची पालखी दौंड तालुक्यात यवत आणि वरवंड येथे मुक्काम करते, तेव्हा वीणा, मृदंग आणि टाळ दिंड्यांबरोबर पायी आलेले असतात. सायकलस्वाराने हाच विवेक बाळगावा. बासरी, चिपळ्या किंवा लहान एकतारी पुरे. बांबू कोरड्या उन्हात चिरतो, म्हणून बासरी कापडात गुंडाळून पिशवीत ठेवावी आणि सायकल थांबल्यावरच वाजवावी.

राहिला ओझ्याचा प्रश्न. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवीत नाहीत. पहारा बदलला की ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. वाद्य एकाचे असले तरी त्याचा भार सर्वांचा ठरतो. दोन मित्रांनीही तसेच करावे : शिरूरपासून भीमेच्या पुलापर्यंत एकाने, पुढे दुसऱ्याने. ज्याला वाजविता येत नाही, त्याने टाळीने ठेका धरावा.

आपल्यापैकी अनेकांनी नोकरी आणि संसार यांच्या धावपळीत एखादी पेटी माळ्यावर ठेवलेली असेल. ‘आता वेळ नाही’ हे कारण खरे असते. पण पुष्कळदा वेळेपेक्षा उणीव असते ती साथीची. म्हणून माझे मत असे, की दूरच्या प्रवासाला वाद्य जरूर न्यावे. मात्र ते एवढेच असावे, की मित्राने न कुरकुरता अर्धी वाट ते वाहावे.