सिंगल माल्ट आणि फाटलेला पांढरा रस्सा

आखाडातल्या एका रविवारी उचगावात एका स्नेह्यांकडे जेवणाचे आमंत्रण होते. कोल्हापूर शहराला खेटून असलेल्या आणि महामार्गाच्या वर्दळीची सवय झालेल्या या गावातल्या एका गच्चीवर आम्ही सातआठ पुरुष बसलो होतो. यजमानांच्या पुतण्याने परदेशाहून येताना आणलेली एक सिंगल माल्ट मध्यभागी ठेवली होती. ही व्हिस्की फ्रेंच पाककलेवरून आणि भोजनसंस्कृतीवरून स्फुरलेली आहे, असे तिच्या खोक्यावर लिहिलेले होते. ते वाक्य मोठ्याने वाचले गेले, त्याचे यथोचित कौतुक झाले आणि खारे शेंगदाणे, शेव व सुके मटण यांच्या साथीने बाटली उघडली. खाली स्वयंपाकघरात रस्सा तयार होऊन दोन तास झाले होते. आम्ही जेवायला उतरलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. रस्सा तिसऱ्यांदा गरम झाला होता. पांढरा रस्सा फार उकळला की त्यातले नारळाचे दूध फाटते, तसे ते फाटले होते. वाढणाऱ्या बायका अर्थातच अजून जेवायच्या होत्या.

खोक्यावरच्या त्या वाक्याबद्दल आम्हाला तक्रार करायची आहे. जाहिरातीत अतिशयोक्ती असायचीच, त्याचे काही नाही. पण ते वाक्य ज्या गोष्टीचे नाव घेते, नेमकी तीच गोष्ट त्या गच्चीवर नव्हती आणि तिची उणीव आमच्यापैकी एकालाही जाणवली नाही, हे आम्हाला खटकते.

फ्रेंचांच्या भोजनाला युनेस्कोने २०१० साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. हा मान कुठल्या पदार्थाला किंवा कुठल्या मद्याला मिळालेला नाही. तो जन्म, विवाह, वाढदिवस, पुनर्भेट अशा प्रसंगी माणसांनी एकत्र बसून जेवण्याच्या रीतीला मिळाला आहे. सुरुवातीला भूक चाळवणारे पेय, मग किमान चार टप्प्यांचे जेवण, प्रत्येक पदार्थाला साजेशी वाइन, शेवटी एखादे गोडसर मद्य, आणि या सगळ्यात समोरच्या पदार्थाविषयी होणारे बोलणे, असा तो क्रम आहे. त्यात मद्य जेवणाच्या तालावर चालते. आपल्याकडे जेवणच मद्याच्या तालावर थांबून राहते.

व्हिस्कीचे या क्रमातले स्थानही मोठे मजेदार आहे. स्कॉच विकत घेण्यात फ्रेंच माणूस जगात अग्रेसर. बाटल्यांच्या संख्येत अनेक वर्षे फ्रान्स पहिला होता. २०२२ मध्ये सुमारे २२ कोटी बाटल्या रिचवून भारताने त्याला मागे टाकले, आणि तेव्हापासून या दोन देशांतच चुरस आहे. परंतु फ्रेंच माणूस व्हिस्की मुख्यतः जेवणापूर्वी घेतो, थोडी घेतो, आणि ताटे मांडली की ग्लास बाजूला ठेवतो. चाळीस टक्क्यांहून अधिक मद्यार्क जिभेवर असताना मसाल्याच्या छटा कळत नाहीत, हे तांबड्या रश्शाचा भुरका मारलेल्या कोणालाही सांगावे लागू नये. मिरचीच्या आगीत व्हिस्की तेलच ओतते. फ्रेंच भोजनसंस्कृतीवरून एखाद्या व्हिस्कीला खरोखर काही स्फुरायचे असेल, तर वेळेवर बाजूला होणे हेच तिला प्रथम स्फुरायला हवे.

व्हिस्की आणि जेवण यांची गाठ घालण्याचा एक प्रयत्न भारतीयांनीही केला होता. बेंगळूरुच्या जगदाळे कुटुंबाच्या अमृत डिस्टिलरीने २००४ साली आपली सिंगल माल्ट भारतात नव्हे तर थेट ग्लासगोत, एका भारतीय उपाहारगृहात सादर केली. ब्रिटनमधल्या भारतीय उपाहारगृहांतून ती खपेल, अशी मूळ कल्पना होती. पण तिथल्या गिऱ्हाइकाला करीबरोबर बियरच हवी होती. पुढे या व्हिस्कीने जगभर नाव कमावले ते माल्टच्या दर्दी लोकांमध्ये. ताटाशेजारची जागा काही तिला मिळाली नाही. गोव्याच्या पॉल जॉनचेही कौतुक आधी परदेशातच झाले. या व्हिस्क्या उत्तम आहेत यात शंका नाही. आपल्याकडच्या उष्म्यात पिपातला माल स्कॉटलंडच्या कैक पटींनी उडून जातो, तरी जे उरते ते लवकर पिकते आणि दाट होते. प्रश्न व्हिस्कीच्या प्रतीचा नाही, ती आपण कुठे आणि कोणाबरोबर बसून पितो याचा आहे.

मद्य आणि घरातले ताट यांची फारकत महाराष्ट्रात कायद्यानेही पक्की केली. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आजही पिणाऱ्याने परवाना बाळगावा अशी अपेक्षा आहे. ‘परमिट रूम’ हा शब्द आपल्या गावोगावच्या पाट्यांवर आला तो त्यातूनच. अंधाऱ्या खोलीत, चखण्याच्या बशीपुढे, घरच्यांच्या नजरेआड पिणे हीच आपली मद्यसंस्कृती ठरली. उचगावची गच्ची म्हणजे उघड्या आभाळाखालची परमिट रूमच. या व्यवस्थेत बाईचा आवाज ऐकू येतो तो एकाच वेळी, उभ्या आणि आडव्या बाटलीच्या मतदानात. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडवी बाटली निवडली की दुकान बंद. नवरा, मुलगा किंवा पगार दारूत गमावलेल्या बाईने ती आडवी करावी, यात आम्हाला काहीही गैर वाटत नाही. मात्र त्या मतपत्रिकेत दोनच खुणा असाव्या लागतात, याला कारण आम्ही गच्चीवर बसणारेच आहोत.

आणखी एक गंमत. खोक्यावरचे ते वाक्य खुद्द फ्रान्समध्ये जाहिरातीत वापरायचे तर वकिलाचा सल्ला घ्यावा लागेल. १९९१ च्या एव्हाँ कायद्यानुसार तिथे मद्याच्या जाहिरातीत उगम, घटक, निर्मितीची पद्धत, चव अशा वस्तुनिष्ठ गोष्टीच सांगता येतात. पिण्यामुळे आयुष्याला रंगत येते असे सुचवणे त्यात बसत नाही. फ्रेंचांनी आपली भोजनसंस्कृती बाटलीच्या तावडीतून कायद्याने सोडवली, आणि आम्ही ती विमानतळावरून बाटलीसकट विकत आणली.

आमच्या पंचगंगेकाठच्या उसाने या बाबतीत कधी आव आणलेला नाही. देशात खपणाऱ्या बहुतेक स्वस्त व्हिस्कीत उसाच्या मळीचा मद्यार्क असतो, आणि धान्यापासून केलेली नाही म्हणून युरोपीय संघ तिला व्हिस्की म्हणू देत नाही. तिच्या बाटलीवर पॅरिसचा उल्लेख नसतो, एवढा तिचा प्रामाणिकपणा मान्य करायला हवा.

परवा आम्ही त्या स्नेह्यांना सुचवले की पुढच्या आखाडात सगळ्यांनी आठ वाजता एकत्र जेवायला बसावे, घरातल्या बायकांसह, आणि बाटली जेवणानंतर काढावी, लहान पेल्यात. स्नेही म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण घरातल्या बायका आमच्या पंगतीला बसायच्या नाहीत. आतून वहिनींनी ऐकले असावे. “बसायचं ऱ्हाऊ द्या भावजी,” त्या म्हणाल्या, “आधी येळंवर खाली उतरा.”