शहराचे सांडपाणी, शेतकऱ्याचा हिशेब



नागपूर शहर पाणी पिते पेंच धरणाचे आणि वापरून सोडते नाग नदीत. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. शहराची घाण शेवटी गोसीखुर्दच्या जलाशयात येते.

नाग नदीच्या शुद्धीकरणाची सुमारे १,९०० कोटींची योजना केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केली. चांगले झाले. पण नुसते केंद्र बांधून नदी शुद्ध होत नाही. घराघरातले सांडपाणी गटारवाहिनीतून केंद्रापर्यंत पोचले पाहिजे. वाहिन्या फुटक्या, तर मैला नाल्यात आणि यंत्रे रिकामी.

दुसरा प्रश्न आपला. भांडेवाडीत शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीज केंद्राला जाते. तेवढे धरणाचे पाणी वाचते. ते कोणाच्या खात्यात जमा होते? बोंडे भरताना संरक्षित पाण्याची एक पाळी काय मोलाची, हे कोरडवाहू कापूसवाल्याला विचारा!

महापालिका आणि पाटबंधारे खात्याने दरवर्षी जाहीर करावे: धरणातून किती घेतले, किती शुद्ध केले, किती वाचले, त्यातले कालव्यात किती सोडले. शुद्ध नदी हे आमच्यावर उपकार नव्हेत. घेतलेल्या पाण्याची ती परतफेड आहे.