नाव पुसण्याआधी फाईल वाचा!



ॲथलोनमध्ये प्लास्टिक आणि वैद्यकीय उपकरणांचा धंदा चांगला रुजलेला आहे, आणि माझे संशोधनही त्याच क्षेत्रातले. काही काळापूर्वी एका प्रकल्पात साच्याचा एक भाग चुकला. एक भोक आधीच्या आवृत्तीत जिथे होते तिथेच पाडले गेले. बैठकीत पाच मिनिटांत निकाल लागला: 'पुण्याच्या ड्राफ्ट्समनने जुनी फाईल पाठवली.' बैठकीला पुण्याचे कोणी नव्हतेच, त्यामुळे निकाल एकमताने!

नंतर मी ती फाईल नोटपॅडमध्ये उघडली. 'स्टेप' प्रकारची फाईल (आयएसओ १०३०३, १९९४ पासूनचे मानक) हा साधा मजकूर असतो. सुरुवातीच्या 'हेडर'मध्ये फाईलचे नाव, ती लिहिल्याची तारीख-वेळ, कर्त्याचे नाव, संस्था आणि ती कोणत्या सॉफ्टवेअरमधून निघाली हे सांगणारे रकाने असतात. दोन मिनिटांचे वाचन. तारीख होती पुण्याने काम सोपवल्यानंतर तीन आठवड्यांची. सॉफ्टवेअर असे, जे पुण्यात वापरतच नाहीत. कर्त्याचा रकाना रिकामा. पुण्याहून आलेली मूळ फाईल मेलमध्ये पडून होती, आणि ती बरोबर होती. म्हणजे जुनी प्रत इथेच कोणीतरी पुन्हा 'एक्स्पोर्ट' केली होती.

हे मी दाखवल्यावर दोषाचे नाव बदलले. तो 'प्रोसेस इश्यू' झाला. चूक पुण्याची असली की तिला माणूस चिकटतो, आपली असली की ती 'प्रोसेस'ची होते. माझा वाद आहे तो याच्याशी.

मॉडेल इम्पोर्ट करण्याआधी त्याची माहिती तपासणे हे कारकुनी काम आहे, असे आपण डॉक्टरेटवाले मानतो. मीही अनेक वर्षे डबल-क्लिक करून मोकळा होत असे. पण या 'कारकुनी'ची किंमत पाहा. 'एसटीएल' फाईलमध्ये एकक लिहिलेलेच नसते, फक्त आकडे असतात. ते मिलिमीटर समजायचे की इंच, हे घेणाऱ्याने ठरवायचे, आणि फरक २५.४ पटींचा. २००६ मध्ये एअरबसच्या ए-३८० चे वेळापत्रक कोलमडले, त्याचे एक मोठे कारण म्हणजे हॅम्बुर्ग आणि तुलूझ इथले गट 'कॅटिया'च्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरत होते. वायरिंगचे जुडगे विमानात बसेनात. फाईल कोणत्या सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीतून आली, हा प्रश्न तेव्हा क्षुल्लक राहिला नाही.

यावर नेहमीचे तीन आक्षेप. पहिला, वेळ नाही. साचा दुसऱ्यांदा कापायला मात्र वेळही मिळतो आणि पैसाही! दुसरा, हेडर कोणीही बदलू शकतो, संगणकाचे घड्याळही चुकीचे असू शकते. अगदी मान्य. हेडर म्हणजे साक्ष आहे, पुरावा नव्हे. पण साक्षीदार खोटे बोलू शकतो म्हणून त्याला न विचारताच शिक्षा ठोठावायची का? साक्ष घ्यावी, आणि मूळ फाईलशी ताडून पाहावी.

तिसरा आक्षेप सर्वात सोज्वळ: खासगीपणा. मे २०१८ पासून युरोपात जीडीपीआर लागू आहे, तेव्हा फाईलमधली नावे काढून टाकलेलीच बरी. बाहेरच्या ग्राहकाला फाईल देताना नाव काढा, जरूर काढा. पण स्वतःच्या दप्तरातूनही ते पुसायचे आणि वर दोष मात्र त्याच माणसावर ढकलायचा, याला खासगीपणा म्हणत नाहीत. श्रेय देताना नाव नको आणि दोष देताना हवे, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. काम कोणी केले आणि कागदावर काय चढले यातले अंतर त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १८७३ मध्ये त्यांनी काढलेल्या समाजाच्या नावात 'सत्यशोधक' हा शब्द उगीच नाही. जयंतीला त्यांच्या फोटोला हार घालणारे आपण सोमवारी ऑफिसात किती शोधतो?

माझे म्हणणे एवढेच. फाईल घेताना एकक, तारीख, आवृत्ती, मूळ सॉफ्टवेअर आणि कर्ता तपासून नोंदवा. आलेली मूळ फाईल हात न लावता जपून ठेवा, काम प्रतीवर करा. आणि चुकीचा निवाडा करण्याआधी हेडर सगळ्यांसमोर उघडा, ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही फोनवर का होईना, बैठकीत घ्या.

त्या पुण्याच्या ड्राफ्ट्समनची कोणीही माफी मागितलेली नाही. त्याच्यावर ठपका ठेवला गेला होता हेच बहुधा त्याला ठाऊक नाही. फक्त पुढचे काम त्याच्याकडे गेले नाही. मी दोन मिनिटे आधी वाचले असते, तर कदाचित गेले असते.