गर्भाला ‘थांब’ म्हणणारा विमा

जुन्नर तालुक्यात, माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर डिंगोरे नावाचे गाव आहे. त्या गावातले एखादे घर, वाचकहो, क्षणभर डोळ्यांसमोर आणा. लेक दिवाळीला माहेरी आली आहे. तिला तिसरा महिना लागला आहे. आई कौतुकाने डोहाळे विचारते आहे आणि बाप पडवीत बसून बोटांवर हिशेब करतो आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. ते सुखरूप झाले तर ठीक. पण पोट फाडायची वेळ आली तर? बिचाऱ्याला वाटते, विमा उतरवावा. बैलाचा उतरतो, पिकाचा उतरतो, मोटारीचा तर सक्तीने उतरतो. मग लेकीच्या बाळंतपणाचा का नाही?

तो एजंटाला विचारतो. एजंट गोड हसून म्हणतो, “काका, आता उशीर झाला!”

हा उशीर म्हणजे काय, ते समजून घ्या. आपल्याकडच्या पुष्कळशा वैयक्तिक आरोग्यविम्यांत बाळंतपण मुळातच वगळलेले असते. ज्यांत ते धरतात, त्यांतही बहुधा नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत वाट पाहावी लागते. सर्वसामान्यांसाठी म्हणून 2020 साली जी ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसी निघाली, तिच्यातही बाळंतपण नाही. म्हणजे विमा हवा असेल तर गर्भानेच थांबायचे!

विमेवाले म्हणतात, विमा अवचित संकटाचा असतो. बाळंतपण ठरवून येते. पॉलिसी घ्यायची, बाळंत व्हायचे आणि निघून जायचे, असे सगळ्यांनी केले तर धंदा बुडेल. यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. पण अडलेले बाळंतपण, न थांबणारा रक्तस्राव, अचानक येणारे झटके हे कोण ठरवून आणते? तरीही वगळण्याचे जे ठराविक कलम आहे, त्यात गुंतागुंतीची बाळंतपणे आणि सिझेरियनसुद्धा बसवले आहे. सूट मिळते ती गर्भाशयाबाहेर राहिलेल्या गर्भाला. गर्भ जागेवर राहिला तर विमा नाही, जागा चुकला तर आहे! धंदा बुडेल हे रडगाणेही खरे नव्हे. व्यापाराचे माहेरघर जी अमेरिका, तिथेसुद्धा 2010 सालच्या कायद्याने, 2014 पासून, गरोदर आहे म्हणून विमा नाकारायला बंदी झाली, आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत बाळंतपण धरणे सक्तीचे झाले. तिथले विमेवाले काही देशोधडीला लागले नाहीत.

पण माझे खरे भांडण दुकानदाराशी नाही. जे दुकानात मागूच नये, ते मागायची पाळी बापावर आणणाऱ्या आपल्या समाजाशी आहे. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बजावले होते, की बाळंतपणाच्या काळात आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने सोसावा. 1929 साली मुंबई इलाख्यात गिरणी-कारखान्यांतल्या बायकांसाठी कायदा झाला, 1961 साली देशासाठी झाला, 2017 साली पगारी रजा 26 आठवड्यांवर गेली. फार चांगले झाले. पण डिंगोऱ्याच्या शिवारात वाकून कांदा लावणाऱ्या बाईला कोणता मालक रजा देणार? तिच्यासाठी 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात किमान 6000 रुपये लिहिले आहेत, आणि ते प्रत्येक गरोदर बाईला! योजना मात्र पहिल्या खेपेला 5000 देते, आणि दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तरच 6000. पाच हजार 26 आठवड्यांवर वाटून पाहा. दिवसाला साडेसत्तावीस रुपयेसुद्धा भरत नाहीत.

आता त्या बापाला कुणीतरी हेही सांगायला हवे, की तो शोधतो आहे त्यातले बरेच काही हप्ता न भरता त्याच्या लेकीचे आहे. 1 जून 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे. सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण, जाण्यायेण्याची गाडी, सारे फुकट. आजारी तान्हुल्याचे उपचारही फुकट. तिथे प्रतीक्षाकाळ नाही. ही भीक नव्हे, हक्क आहे. मग गावची आशाताई दारात असताना आपण एजंटाच्या दारात का उभे राहतो? कारण रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर तिथे भूल देणारा डॉक्टर असेल, रक्ताची पिशवी असेल, याचा आपल्याला भरवसा नसतो. म्हणजे विमा हवा आहे तो पैशाचा नव्हे, भरवशाचा! तो कोणतीच कंपनी विकत नाही. तो ग्रामसभेत उभे राहून, तालुक्याला जाऊन, मत मागायला येणाऱ्याला अडवून मागावा लागतो. देवळाच्या कळसासाठी आपण वर्गणी काढतो, भांडतो. दवाखान्यातल्या रिकाम्या खुर्चीसाठी किती जण भांडलो?

याच जुन्नर तालुक्यात शिवनेरी उभा आहे. धामधुमीच्या दिवसांत शहाजीराजांनी गरोदर जिजाऊंना सुरक्षित ठेवले ते त्या गडावर, आणि 1630 साली तिथे शिवराय जन्मले. आज आपण त्या गडावर पाळणा हलवतो, जयजयकार करतो. पण आधी गरोदर आईसाठी तट उभा करावा लागतो, पाळणा मागाहून, एवढी साधी गोष्ट मात्र आपण विसरलो. प्रत्येकीच्या बापाजवळ किल्ला नसतो. म्हणून तर आपण स्वराज्य मागितले होते ना?