मध नको, गूळ पुरे
कोल्हापूरच्या मोहन शंकर देशपांडे यांच्या ऋषिकृषी पद्धतीतील अमृतपाण्यात १० किलो शेण, पाव किलो तूप व अर्धा किलो मध २०० लिटर पाण्यात मिसळतात. श्रावकांच्या घरी मध वर्ज्य. मग तो कुंडीसाठी तरी का आणावा? झाड आपली साखर सूर्यप्रकाशात स्वतःच तयार करते. बाहेरचा गोडवा हे मातीतील सूक्ष्म जीवांचे खाद्य होय. ते काम गूळही करतो. सुभाष पाळेकर यांच्या जीवामृतात शेण, गोमूत्र व बेसनाबरोबर २०० लिटरला २ किलो गूळ असतो, म्हणजे लिटरला अवघा १० ग्रॅम. गूळ आपल्या हदगावात कोणत्याही दुकानी मिळतो! मात्र कोरडा गूळ वा साखर कुंडीत टाकू नये. मुंग्या जमतात, आणि मग घरातीलच कोणीतरी मुंग्यांची पावडर शिंपडतो.