वरच्या हवेचा पंचनामा

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. जळगाव, अकोला, नागपूरच्या आकाशातून पेटते निखारे रांगेने सरकत गेले. कोणी उल्का म्हटले, कोणाला विमान पेटल्यासारखे वाटले. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत सुमारे 3 मीटर व्यासाची धातूची रिंग पडली आणि सगळ्यांचे बोट चिनी रॉकेटच्या एका जुन्या टप्प्याकडे वळले. रिंग पोलीस ठाण्यात गेली, इस्रोची माणसे येऊन पाहून गेली. प्रकरण मिटले.

पण रिंग म्हणजे जळून उरलेले. जे जळले त्यातले बरेचसे अॅल्युमिनियम, आणि त्याची वाफ वरच राहिली. तिची नोंद कोणत्या ठाण्यात झाली?

जळगावच्या मेहरूण तलावावर फिरायला येणाऱ्याला वाटते, ढगांच्या वर सगळे मोकळे. तसे नाही. साधारण 60 किलोमीटरपासून वर सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण हवेच्या कणांमधून इलेक्ट्रॉन सोडवतात, तेच आयनांबर. तिथे इलेक्ट्रॉन किती टिकणार हे सूर्य ठरवतो, तसेच हवेत काय मिसळले आहे तेही ठरवते. अडीचशे-तीनशे किलोमीटरवर ऑक्सिजनचे सुटे अणू इलेक्ट्रॉन पुरवतात आणि नायट्रोजनचे रेणू ते संपवायला मदत करतात. चुंबकीय वादळात ध्रुवांकडची हवा तापून फुगते, नायट्रोजन वर चढतो आणि तो थर विरळ होतो. धातूचे गणित याच्या उलट. रेणूचा आयन इलेक्ट्रॉन भेटताच फुटतो आणि व्यवहार संपतो. लोखंड किंवा मॅग्नेशियमच्या एकट्या अणूला फुटायची सोय नाही, म्हणून तो तासन्‌तास भारित राहतो. 100 किलोमीटरच्या आसपास वारे अशा अणूंना दाबून पातळ थर करतात आणि रेडिओलहरी त्यावर आपटून भलत्याच गावी पोचतात.

आजवर हा धातू उल्का आणत. आता त्यात आपली भर. 2023 मध्ये अमेरिकी संशोधकांनी स्थितांबरातले सूक्ष्म कण तपासले. मोठ्या कणांपैकी सुमारे 10 टक्क्यांत जळालेल्या यानांचे धातू सापडले. फेब्रुवारी 2025 मध्ये फाल्कन रॉकेटचा एक टप्पा युरोपवर जळाला, तेव्हा जर्मनीतल्या लेसर यंत्राला सुमारे 96 किलोमीटरवर लिथियम नेहमीच्या दसपट दिसले. दुसरी भेसळ कार्बन डायऑक्साइडची. खाली ऊब धरणारा हा वायू विरळ हवेत उष्णता बाहेर टाकतो. वरची हवा थंड होते, आकसते, आणि तिच्याबरोबर आयनांबरही खाली सरकते.

सूर्याच्या लहरीपुढे हे सारे आज किरकोळ आहे, हे मान्य. पण खानदेशाला आयनांबर परके नाही. दिवसा चुंबकीय विषुववृत्तावर, म्हणजे भारताच्या दक्षिण टोकाकडे, उचलले जाणारे इलेक्ट्रॉन उत्तरेला अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात येऊन साचतात. जळगाव-धुळे त्या ढिगाच्या दक्षिण उतारावर. हे इलेक्ट्रॉन उपग्रहाच्या लहरींना उशीर लावतात, म्हणून सूर्य जोरात असला की दुपारी साध्या जीपीएसची चूक 10 मीटरच्या पुढे जाऊ शकते. आणि आता जमिनीची मोजणी रोव्हरने, म्हणजे उपग्रहाच्या लहरी टिपणाऱ्या यंत्राने होते. बांधावर काठी रोवून भूकरमापक पडद्याकडे बघत उभा राहतो; ‘फिक्स’, म्हणजे पक्की जागा, येत नाही, ‘फ्लोट’, म्हणजे कच्चा अंदाजच दाखवते. रावेर-यावलकडे आकाश झाकणाऱ्या केळीच्या पानांना दोष देतात. बऱ्याचदा तो खराही असतो. पण प्रत्येक वेळी?

यातली गंमत अशी की उत्तर सरकारी यंत्रांतच पडून आहे. रोव्हरला दुरुस्ती पुरवणारी भारतीय सर्वेक्षण विभागाची ‘कॉर्स’ केंद्रे उपग्रहाच्या दोन वेगळ्या लहरी अहोरात्र टिपतात. दोहोंच्या उशिरातला फरक म्हणजेच वाटेतल्या इलेक्ट्रॉनांचे माप. मोजणीवाल्यांच्या लेखी ती चूक, सुधारून टाकून द्यायची.

मुंबईत विजेच्या ट्राम येऊन नोंदी बिघडवणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा 1904 मध्ये अलिबागला हलवली, आणि मग 1906 पर्यंत दोन्हीकडे जोडीने नोंदी घेतल्या. ट्राम 1907 मध्ये धावली. बिघाड सुरू होण्याआधीचा आलेख हाती हवा, एवढे त्या लोकांना कळत होते. इथे तर नवी इमारतही बांधायची नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या भौतिकशास्त्राच्या मुलांना खानदेशातल्या ‘कॉर्स’च्या कच्च्या नोंदी रोजच्या रोज मिळाव्यात. विद्यापीठाने अर्ज करावा, सर्वेक्षण विभागाने फी मागू नये, आणि 2 एप्रिल 2022 च्या आठवड्याच्या फाइली कुठे जपून ठेवल्या असतील तर सुरुवात त्यांच्यापासूनच करावी.