उरलेली गोळी पोपटाला नको

पाळलेल्या आफ्रिकन ग्रे पोपटाचा आवाज बसला, तो पिसे फुलवून मलूल बसू लागला, श्वास घेताना शेपटी वरखाली हलू लागली, की घरचेच ठरवून टाकतात, ‘बुरशी झाली असणार.’ मग कोणाच्या तरी नायट्यासाठी आणलेली, कपाटात उरलेली इट्राकोनॅझोलची कॅप्सूल आठवते. हा मोह पक्ष्याच्या जिवावर बेतू शकतो.

इट्राकोनॅझोल पक्ष्यांच्या उपचारात वापरतात, हे खरे. पण नेमक्या आफ्रिकन ग्रेला ते सोसत नाही. त्याची भूक मरते, तो सुस्त होतो, प्रसंगी दगावतो. म्हणून जाणकार पशुवैद्यक त्याच्यासाठी सहसा व्होरिकोनॅझोल किंवा टर्बिनाफिनसारखे दुसरे औषध निवडतात. शिवाय माणसाची कॅप्सूल साठ किलोच्या देहासाठी असते. हा पक्षी जेमतेम अर्धा किलोचा. अंदाजाने दिलेली चिमूटही जास्त ठरते.

बुरशीही एकच नसते. तोंडात किंवा अन्नपिशवीत कँडिडा वाढली, तर निस्टॅटिन चालते, कारण ते थेट बुरशीला लागते. पण ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषले जात नाही. त्यामुळे फुफ्फुसात आणि हवेच्या पिशव्यांत बसलेल्या अ‍ॅस्परजिलसवर त्याचा उपयोग नाही. त्या पिशव्यांना रक्तपुरवठा कमी, म्हणून तिथे औषध पोहोचवायला वाफारा द्यावा लागतो आणि उपचार कित्येक महिने चालतात.

मुळात ती बुरशी असेलच असेही नाही. जवळपास हीच लक्षणे सिटॅकोसिस या जिवाणूजन्य आजारातही दिसतात आणि तो माणसाला होऊन न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो. तपासणीविना दिलेली गोळी घरच्यांनाही महागात पडू शकते.

पक्ष्यांचे जाणकार डॉक्टर मोठ्या शहरांबाहेर विरळाच, ही अडचण खरी आहे. पण म्हणूनच डॉक्टर आधी शोधावा आणि पोपट नंतर आणावा. आणल्यावर नुसत्या बियांवर ठेवू नये. अ जीवनसत्त्व कमी पडले की श्वसनमार्गाचे अस्तर दुबळे होते. गाजर, लाल भोपळा, पालेभाज्या द्याव्यात. कुबट शेंगदाणे फेकून द्यावेत, पिंजरा कोरडा व हवेशीर ठेवावा. आठवड्याला एकदा वजन करावे. पक्षी आजार लपवतो, पण काट्यावरचा आकडा लपत नाही.